विद्यापीठात नवी इमारत उभी करताना: गरज, जागा, पैसा आणि फाइल

विभागप्रमुखपद हाती आलं किंवा इमारत समितीवर नाव लागलं की थोड्याच दिवसांत कुणीतरी म्हणतं, ‘आपल्या विभागाला आता स्वतंत्र इमारत हवी.’ मागणी बहुतेक वेळा खरी असते. विद्यार्थी वाढलेले असतात, प्रयोगशाळेत उभं राहायला जागा नसते, संशोधक विद्यार्थी व्हरांड्यात टेबल टाकून बसलेले असतात. पण या मागणीचा प्रस्ताव कसा होतो, तो कुणाच्या टेबलावरून कुणाकडे जातो, पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो, हे नवख्याला शेजारी बसवून कुणी सांगत नाही. नवे विभागप्रमुख, अभियांत्रिकी विभागात नुकतेच रुजू झालेले कनिष्ठ अभियंते आणि अधिसभेवर (सिनेटवर) पहिल्यांदाच आलेले सदस्य यांच्यासाठी हा लेख आहे. परिसर आणि हवापाणी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं आहे, पण कार्यपद्धती राज्यातल्या बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत अशीच असते.

माझं म्हणणं एकच आहे, आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर ते पुन्हा कामाला येईल: इमारत आधी कागदावर वापरून बघायची, मग बांधायची. कोण कुठे बसणार, कोणत्या तासाला कोणती खोली भरलेली असणार, विजेचं बिल कोण भरणार, पंधरा वर्षांनी गच्चीचं वॉटरप्रूफिंग कोणाच्या पैशातून होणार, याची उत्तरं पहिल्या रेषेआधी लिहिलेली हवीत.

पायरी १: गरज वेळापत्रकातून काढा

‘जागा अपुरी आहे’ या वाक्यावर कुठलीही समिती पैसे देत नाही आणि देऊही नये. चालू सत्राचं वेळापत्रक घ्या आणि विभागातल्या प्रत्येक खोलीचा आठवड्याचा हिशोब मांडा. सहा दिवस, रोज सात तास धरले तर एक वर्गखोली आठवड्याला ४२ तास उपलब्ध असते. ती २१ तास वापरात असेल तर वापर ५० टक्के. त्या ६० आसनांच्या खोलीत सरासरी ३० विद्यार्थी बसत असतील तर आसनांचा प्रत्यक्ष वापर २५ टक्क्यांवर येतो. हा आकडा पाहून अनेक विभागांना नव्या वर्गखोल्यांऐवजी वेळापत्रकाची फेरमांडणी आणि दोन विभागांत खोल्या वाटून घेणं पुरतं. ते पुरत असेल तर तसं स्वच्छ लिहावं. तुमच्या पुढच्या मागणीला त्यामुळे वजन येतं.

प्रयोगशाळांचं गणित मात्र वेगळं निघतं, आणि खरी टंचाई बहुधा तिथेच असते. श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत एका लेखी श्रेयांकाला सत्रात १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास लागतात. समजा ६० विद्यार्थ्यांची पदव्युत्तर तुकडी आहे आणि प्रात्यक्षिकाला २०-२० च्या तीन बॅचेस आहेत. दोन श्रेयांकांच्या एका प्रात्यक्षिकाला सत्रात ६० तास, म्हणजे १५ आठवड्यांत दर आठवड्याला प्रत्येक बॅचचे ४ तास. तीन बॅचेसचे १२. अशी चार प्रात्यक्षिकं एकाच प्रयोगशाळेत घ्यायची म्हटलं तर आठवड्याला ४८ तास लागतात, आणि खोली उपलब्ध आहे ४२ तास. दुसरी प्रयोगशाळा हवी हे इथे आपोआप सिद्ध होतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या अभ्यासक्रमांत प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि कार्यप्रशिक्षणाचा वाटा वाढल्यामुळे हा तक्ता प्रत्येक विभागाने नव्याने करायला हवा. तीन वर्षांपूर्वीच्या प्रस्तावातला तक्ता उचलून चालणार नाही.

महागड्या उपकरणांसाठी खोल्या मागण्याआधी परिसरात काय आहे ते बघा. शिवाजी विद्यापीठात सैफ-सीएफसी हे विश्लेषणात्मक उपकरणांचं सामायिक केंद्र आहे. बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रासारखं मध्यवर्ती ग्रंथालय असताना प्रत्येक विभागाने स्वतंत्र वाचनकक्ष मागणं पटत नाही. सामायिक गोष्टी सामायिकच ठेवल्या तर तुमच्या इमारतीतली जागा खऱ्या गरजेला मिळते.

यानंतर खोल्यांची यादी करा: खोलीचं नाव, संख्या, आसनं, चौरस मीटर, लागणारी वीज, पाणी, गॅस, धुराडं, फरशीवर येणारं वजन. वर्गखोलीसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या निकषांतला ६६ चौरस मीटर आणि ट्युटोरियलसाठी ३३ चौरस मीटर हा आकडा सुरुवातीला धरायला सोयीचा आहे. या यादीची बेरीज म्हणजे निव्वळ वापराचं क्षेत्र. जिने, व्हरांडे, स्वच्छतागृहं, भिंती, विजेची खोली हे सगळं तिच्यावर येतं. शैक्षणिक इमारतीत निव्वळ क्षेत्र एकूण बांधकामाच्या साधारण ६० ते ७० टक्के बसतं. यादीची बेरीज १,९५० चौरस मीटर आली तर ६५ टक्क्यांनी एकूण बांधकाम ३,००० चौरस मीटर होतं. नवखे इथेच फसतात. खोल्यांची बेरीज हीच इमारत समजून ते पैसे मागतात आणि नंतर व्हरांडा निम्मा करून घेतात.

यादीवर वापरणाऱ्या सर्वांच्या सह्या घ्या. प्रयोगशाळा परिचर, ग्रंथालय परिचर आणि सफाई कामगारांनाही विचारा. झाडू-पोछा ठेवायची खोली, रसायनांचं वेगळं भांडार, विद्यार्थिनींसाठी विश्रांतिकक्ष या गोष्टी प्राध्यापकांच्या यादीत क्वचित येतात, परिचर-कामगारांच्या यादीत पहिल्याच येतात.

पायरी २: जागा बघायला पावसात जा

शिवाजी विद्यापीठाचा परिसर ८५३ एकरांचा आहे, त्यामुळे जागा भरपूर आहे असं वाटतं. पण हा माळ आहे. पावसाचं पाणी या माळावरून ओघळींनी वाहत परिसरातल्या तलावांकडे आणि विहिरींकडे जातं. उन्हाळ्यात सपाट आणि कोरडा दिसणारा तुकडा जुलैत ओघळीच्या मधोमध निघू शकतो. म्हणून जागेची पहिली पाहणी पावसाळ्यात करा, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते नकाशावर पेन्सिलीने काढा. ओघळ अडवून बांधलेल्या इमारतीच्या तळमजल्यात ओल येते आणि तलावात येणारं पाणीही कमी होतं. दोन्ही बाजूंनी नुकसान.

मग माती. कोल्हापूरच्या आसपास काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ असा थर अनेक ठिकाणी मिळतो, पण कातळ किती खोल आहे ते पन्नास फुटांवर बदलतं. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, म्हणून पाया तिच्यावर ठेवायचा नसतो. नियोजित इमारतीच्या कोपऱ्यांवर आणि मध्यभागी बोअर घेऊन मृदा परीक्षण अहवाल मिळवा, आणि तो अंदाजपत्रकाच्या आधी मिळवा. कारण साधं आहे: कठीण खडकातलं खोदकाम मातीतल्या खोदकामापेक्षा बरंच महाग असतं. आजूबाजूला वर्ग चालू असताना सुरुंग लावता येत नाहीत, ब्रेकरने फोडावं लागतं. खोदाईत निघालेला अनपेक्षित कातळ हे अंदाजपत्रक फुगण्याचं एक नेहमीचं कारण आहे. परीक्षणाला लागणारा खर्च त्या फुगवट्यापुढे नगण्य असतो.

भूकंपाचा विचार इथे शोभेसाठी नाही. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप शेजारच्या सातारा जिल्ह्यातला. भारतीय मानक क्रमांक १८९३ (भूकंपरोधक रचनेचं मानक) नुसार संरचना अभियंत्याने आराखडा करावा आणि तो दुसऱ्या पात्र संस्थेकडून तपासून घ्यावा. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं अशी तपासणी शुल्क घेऊन करतात.

आणखी एक गोष्ट कोल्हापूरकरांनी विसरू नये: उजळाईवाडीचा विमानतळ परिसराच्या अगदी जवळ आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून विमानतळ प्राधिकरणाच्या रंगीत क्षेत्रनकाशात तुमची जागा कोणत्या रंगात येते ते पाहावं लागतं, आणि गरज असेल तर ऑनलाइन ना-हरकत घ्यावी लागते. माळ मुळातच उंच असल्यामुळे मजल्यांची संख्या वास्तुविशारदाने परस्पर ठरवू नये. पाण्याची टाकी, लिफ्टचं डोकं आणि सौर पटलं या सगळ्यांसकट सर्वात वरचा बिंदू मोजतात. बांधकामाच्या वेळी उभी राहणारी क्रेनही या हिशोबात येते.

पायरी ३: आराखडा

वास्तुविशारद निवडताना फक्त शुल्काचा दर बघू नका. पूर्ण झालेल्या शैक्षणिक इमारती प्रत्यक्ष पाहा आणि तिथल्या शिपायाशी बोला. कोणत्या भिंतीला ओल येते हे तो लगेच सांगतो.

कोल्हापुरात पाऊस नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून झोडपतो. त्या बाजूंना खोल छज्जे, मागे सरकवलेल्या खिडक्या किंवा व्हरांडा हवा. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर वर्गांना उत्तरेचा शांत उजेड मिळतो आणि मावळतीचं ऊन कमी खिडक्यांवर येतं. पूर्ण काचेचा दर्शनी भाग इथल्या हवेला अजिबात मानवत नाही. उन्हाळ्यात वातानुकूलन लागतं, पावसाळ्यात सांध्यांतून पाणी येतं, आणि काचा पुसायचा खर्च कायमचा मागे लागतो. या मुद्द्यावर मी समितीत ठाम राहायला सांगेन.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार उतरण, लिफ्ट, सुलभ स्वच्छतागृह आणि स्पर्शमार्ग (दृष्टिहीनांना पायाने ओळखता येणारी फरशी) हे आराखड्यात पहिल्यापासून हवेत. उतरणीचा चढ १ ला १२ पेक्षा तीव्र नको. मुख्य दरवाजातूनच ती आत यावी, मागच्या बाजूने नाही.

बांधकाम परवानगी कोणाकडून घ्यायची हे जागेच्या गटनंबरावर ठरतं. कोल्हापूर महापालिकेची हद्द संपून नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाची हद्द कुठे सुरू होते ते सातबारा आणि विकास योजनेच्या नकाशावर ताडून घ्या. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे नकाशे करायचे. अग्निशमनाची तात्पुरती ना-हरकत आधी, अंतिम शेवटी. झाडं तोडावी लागणार असतील तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी वेगळी. या परिसरात मोर फिरतात, जुनी झाडं आहेत. आराखडा दहा मीटर सरकवून एखादं वडाचं झाड वाचत असेल तर सरकवा.

पायरी ४: खरा खर्च मांडा

पहिल्या टप्प्यात ढोबळ अंदाजपत्रक क्षेत्रफळ गुणिले दर असं होतं. पुढचं उदाहरण हिशोबाची रीत कळावी म्हणून दिलं आहे. त्यातले दर त्या-त्या वेळच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतून आणि तुमच्या अभियंत्याकडून घ्यायचे.

समजा ३,००० चौरस मीटर बांधकाम आणि दर ३०,००० रुपये प्रति चौरस मीटर. स्थापत्य काम ९ कोटी. बहुतेक प्रस्तावांत हाच आकडा ठळक अक्षरांत असतो. आता पुढे जा. विद्युतीकरण १ कोटी १० लाख. लिफ्ट, अग्निशमन, पाण्याच्या टाक्या ६० लाख. रस्ता, गटार, परिसर विकास ५० लाख. ही झाली ११ कोटी २० लाखांची कामं. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे सुमारे २ कोटी २ लाख. फर्निचर आणि प्रयोगशाळेची ओटे-कपाटं दीड कोटी, त्यावरचा कर २७ लाख. बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का, सुमारे ११ लाख. वास्तुविशारद व सल्लागार शुल्क ३ टक्के धरलं तर ३४ लाख, आकस्मिक खर्च ४ टक्के धरला तर ४५ लाख. एकूण जवळजवळ १५ कोटी ९० लाख. नऊ कोटी मंजूर करून आणले असते तर इमारतीचा सांगाडा उभा राहिला असता आणि दारं-खिडक्यांसाठी पुन्हा समितीपुढे उभं राहावं लागलं असतं. अर्धवट राहिलेल्या इमारती बहुतेक अशाच हिशोबातून जन्माला येतात.

गौण खनिजाचं स्वामित्वधन (खडी-वाळूवरची रॉयल्टी), साहित्य दुरून आणण्याचा वाहतूक खर्च (लीड), त्रयस्थ तांत्रिक परीक्षणाचं शुल्क आणि महावितरणचा नवा रोहित्र लागणार असेल तर त्याचा खर्च, हेही तपासा. काम दोन वर्षं चालणार असेल तर दरवाढीचं कलम निविदेत आहे का ते बघून त्याची तरतूद ठेवा.

आता देखभाल. इमारतीच्या किमतीच्या २ टक्के रक्कम दरवर्षी दुरुस्ती, रंग, लिफ्टचा करार, सफाई आणि सुरक्षा यांसाठी लागेल असं मी धरतो. वरच्या उदाहरणात ती सुमारे ३१ लाख ८० हजार येते. एवढं व्याज साडेसहा टक्क्यांनी मिळवायचं तर सुमारे ४ कोटी ९० लाखांची ठेव लागते. इतकी ठेव पहिल्या दिवशी कुणी देणार नाही, हे खरं. पण प्रस्तावात हा आकडा लिहिला पाहिजे, आणि विद्यापीठाच्या वार्षिक अंदाजपत्रकात देखभालीचं वेगळं शीर्ष (हिशोबाचं खातं) मागितलं पाहिजे. कोल्हापूरला हा विचार नवा नाही. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि त्यानंतर राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं या शहरात उभी राहिली. त्यांना जागा आणि इमारतींबरोबर चालू खर्चासाठी अनुदानं, उत्पन्नाची साधनंही दिली गेली. वसतिगृह चालवायला दर महिन्याला पैसा लागतो, हे त्या व्यवस्थेत पहिल्यापासून धरलेलं होतं. आज देणगीदाराकडे जाताना हाच इतिहास सांगावा, कोल्हापूरकराला तो लगेच पोचतो.

पायरी ५: पैसा कुठून, आणि कोणत्या अटीवर

एकाच ठिकाणाहून सगळी रक्कम मिळेल या आशेवर थांबू नका. प्रत्येक पैशाला स्वतःच्या अटी असतात, आणि इमारतीचे भाग त्या अटींप्रमाणे पाडता आले तर काम पुढे सरकतं.

स्वनिधी हा सर्वात मोकळा पैसा. परीक्षा, संलग्नता आणि इतर शुल्कांतून जमलेला, ठेवींत असलेला. पण तो विद्यार्थ्यांच्या खिशातून आलेला आहे, म्हणून त्याच्या प्रत्येक रुपयाबद्दल अधिसभेत प्रश्न येणार आणि यायलाच हवेत. माझ्या मते स्वनिधी पायासाठी, मृदा परीक्षणासाठी, आराखड्यासाठी आणि करांसाठी राखावा, कारण या गोष्टींना बाहेरून पैसा क्वचित मिळतो.

केंद्र पुरस्कृत योजना येतात, नावं बदलतात. राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान २०१३ मध्ये सुरू झालं, २०२३ मध्ये त्याचं पीएम-उषा झालं. २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांसाठी १२,९२६.१० कोटींची तरतूद असलेल्या या योजनेत बहुविद्याशाखीय संशोधन विद्यापीठांसाठी १०० कोटींपर्यंत आणि विद्यापीठांच्या बळकटीकरणासाठी २० कोटींपर्यंतचे घटक ठेवले गेले. महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. या योजनांचा धडा असा की जाहिरात आल्यावर प्रस्ताव लिहायला वेळच उरत नाही. सविस्तर प्रकल्प अहवाल, मृदा परीक्षण, जागेचे उतारे आणि ढोबळ नकाशे आधीच तयार असलेल्या विद्यापीठांचे प्रस्ताव वेळेत जातात. अशा निधीत नवं बांधकाम, नूतनीकरण आणि उपकरणं यांची वाटणी आधी ठरलेली असते आणि एका शीर्षाचा पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. खर्चाची मुदत असते, पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाला असं उपयोगिता प्रमाणपत्र सामान्य वित्तीय नियम २०१७ च्या ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं. आधीचं प्रमाणपत्र थकलं तर पुढचा हप्ता थांबतो. हे प्रमाणपत्र वित्त विभागाचं काम आहे म्हणून सोडून देऊ नका, दर तिमाहीला स्वतः विचारा.

विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या योजना मुख्यतः उपकरणांसाठी असतात. त्यातून इमारत होईल असं गृहीत धरू नका. मात्र येणाऱ्या उपकरणांसाठी खोली तयार आहे हे दाखवलं तर तो प्रस्ताव बळकट होतो.

उद्योगांचा सामाजिक दायित्व निधी, म्हणजे सीएसआर, याबद्दल कोल्हापुरात बरेच गैरसमज आहेत. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतले मोठे फाउंड्री आणि मशिनिंग उद्योग यात बसू शकतात, लहान कारखाने बसत नाहीत. आणि सहकारी साखर कारखाना किंवा सहकारी दूध संघ ही कंपनी नव्हे. त्यांना हे कलम लागू नाही. त्यांच्याकडे सीएसआर मागायला जाणं म्हणजे त्यांना आणि स्वतःला अवघडून टाकणं. त्यांच्याकडे देणगी मागता येते, ती त्यांच्या पोटनियमांप्रमाणे आणि सहकार कायद्याच्या चौकटीत.

राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ सीएसआर राबवणारी संस्था होऊ शकतं, पण त्यासाठी सीएसआर-१ नमुन्यात नोंदणी हवी. कंपन्यांचा वार्षिक कृती आराखडा आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला ठरतो, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये भेटा. डिसेंबरमध्ये गेलात तर ‘पुढच्या वर्षी या’ एवढंच ऐकायला मिळेल. एकापेक्षा जास्त वर्षं चालणारं काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मांडता येतं, त्याला सुरुवातीचं वर्ष सोडून तीन आर्थिक वर्षांची मुदत मिळते. कंपनीला सगळी इमारत देऊ नका, एक स्पष्ट भाग द्या: एक प्रयोगशाळा, एक मजला, सौर यंत्रणा. कास्टिंग करणाऱ्या उद्योगाला धातुशास्त्राची किंवा साहित्यविज्ञानाची प्रयोगशाळा का हवी हे वेगळं समजावावं लागत नाही.

खासदारांना स्थानिक क्षेत्र विकास निधीतून वर्षाला ५ कोटींची कामं सुचवता येतात, आमदारांचा निधी वेगळा. शिफारस त्यांची, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयाची, काम ठरलेल्या यंत्रणेकडून. या पैशातून संपूर्ण इमारतीपेक्षा अभ्यासिका, जोडरस्ता, विद्यार्थिनींचं स्वच्छतागृह अशी स्वतंत्र दाखवता येणारी कामं घेणं शहाणपणाचं. एकाच भिंतीत दोन निधी मिसळले की लेखापरीक्षणात उत्तर देता देता वर्षं जातात.

माजी विद्यार्थ्यांबद्दल मला मनापासून आस्था आहे. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या गावांतून एसटीने येऊन शिकलेली मुलंमुली आज जगभर आहेत. त्यांच्याकडे फक्त ‘निधी द्या’ म्हणून जाऊ नका. खोल्यांची यादी, नकाशा आणि हिशोब पाठवा. दोन हजारांची देणगी देणाऱ्यालाही पावती, नंतर कामाचा फोटो आणि खर्चाचा तक्ता मिळाला पाहिजे. नाव देण्याचं धोरण मात्र पहिली देणगी येण्याआधी व्यवस्थापन परिषदेकडून लेखी मंजूर करून घ्या: किती रकमेला खोलीला नाव, किती रकमेला सभागृहाला, किती वर्षांसाठी. रक्कम आल्यावर धोरण केलं तर वाद ठरलेला.

कर्जाची वाट राज्य विद्यापीठांनी फार जपून धरावी. हेफा ही केंद्र सरकार आणि कॅनरा बँकेची वित्तसंस्था प्रामुख्याने केंद्रीय संस्थांसाठी उभी राहिली. इतर कर्जाची परतफेड शेवटी शुल्कवाढीतून होते, आणि आपल्याकडे येणारा विद्यार्थी शेतकरी आणि कामगार घरातला आहे.

पायरी ६: मान्यतांचा क्रम

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ खाली काम चालतं. विभागाचा प्रस्ताव अधिष्ठाता आणि अभियांत्रिकी विभागाच्या अभिप्रायासह इमारत व बांधकाम समितीकडे, मग वित्त व लेखा समिती, मग व्यवस्थापन परिषद. वर्षाची तरतूद अधिसभेपुढे येणाऱ्या अंदाजपत्रकात दिसायला हवी. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, म्हणून तुमची मागणी नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत वित्त विभागाकडे पोचली पाहिजे.

नवख्यांचा सर्वात जास्त गोंधळ दोन शब्दांत होतो. प्रशासकीय मान्यता म्हणजे ‘हे काम करायचं आहे आणि इतक्या रकमेपर्यंत करायचं आहे’ हा निर्णय, तो ढोबळ अंदाजपत्रकावर होतो. तांत्रिक मान्यता म्हणजे सक्षम अभियंत्याने सविस्तर अंदाजपत्रक, परिमाणं आणि दर तपासून दिलेली मंजुरी. दुसरीशिवाय निविदा काढायची नसते. सविस्तर अंदाजपत्रक पहिल्या मर्यादेच्या बरंच वर गेलं तर सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते. मृदा परीक्षण आधी केलं असेल तर ही वेळ कमी येते.

प्रत्येक बैठकीचा ठराव क्रमांक आणि तारीख फाइलच्या पहिल्या पानावर एका तक्त्यात लिहीत जा. कुलगुरू बदलतात, कुलसचिव बदलतात, समित्यांची मुदत संपते. फाइल मात्र राहते, आणि नव्या माणसाला ती एका पानात समजली पाहिजे.

पायरी ७: निविदा आणि काम

ई-निविदा महाटेंडर्स या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर, दोन लिफाफा पद्धतीने: आधी तांत्रिक पात्रता, मग दर. निविदेचे नमुने दोन: बी-१ मध्ये अंदाजपत्रकी दरापेक्षा टक्क्यात कमी-जास्त, बी-२ मध्ये बाबवार दर. बयाणा, सुरक्षा अनामत, दोषदायित्व कालावधी (ज्या काळात दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे) ही कलमं नीट वाचा. फार खालच्या दराची निविदा आली तर आनंदून जाऊ नका. अतिरिक्त सुरक्षा अनामत आणि दर पृथक्करण, म्हणजे तो दर कसा बसवला याचा हिशोब, मागा.

वेळ ठरवताना दोन गोष्टी आड येतात. एक आचारसंहिता. निवडणूक जाहीर झाली की नवे कार्यादेश अडकतात, म्हणून अपेक्षित निवडणुकांचा अंदाज घेऊन निविदा काढा. दुसरी गोष्ट पाऊस. कार्यादेश दसरा-दिवाळीच्या सुमारास मिळाला तर मेअखेर पाया आणि जोतं वर येतं. पाया खुला असताना मृग लागला तर खड्ड्यांत पाणी भरतं, कडा ढासळतात, उपसण्यातच महिने जातात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद झाला होता. माळ कोरडा असला तरी सिमेंट, सळई त्या रस्त्यानेच येतात. जुलै-ऑगस्टमध्ये मोठा स्लॅब ठरवू नका.

भूमिपूजन सर्व परवानग्या आणि कार्यादेश हातात आल्यावरच करा, पाहुण्यांची तारीख आधी मिळाली तरीसुद्धा.

काम सुरू झाल्यावर विभागाने महिन्यातून एकदा अभियंत्याबरोबर साइटवर जायचं. बघायचं काय? काँक्रीटचे क्यूब (मजबुती तपासायचे नमुना ठोकळे) घेतले जातात का, ७ आणि २८ दिवसांचे निकाल नोंदवहीत आहेत का. स्लॅबवर पाणी मारलं जातं का, रविवारीसुद्धा. मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी आणि देयकं जुळतात का, हे अभियंत्याला विचारा. हेल्मेट, पट्टे, कामगारांसाठी प्यायचं पाणी आणि स्वच्छतागृह आहे का. शिक्षणाची इमारत बांधणाऱ्या बाईचं लहान मूल खडीच्या ढिगावर खेळत असेल तर पाळणाघराची सोय ठेकेदाराकडून करून घ्या, कायद्यातही ती अपेक्षित आहे.

मध्येच बदल सुचवण्याचा मोह आवरा. एक भिंत हलवली की विजेच्या नळ्या, फरशी, छत सगळं बदलतं, आणि प्रत्येक जादा बाबीला नवी मान्यता लागते. जोतं झाल्यावर खोल्यांची यादी गोठवायची, असा ठराव आधीच करून ठेवा.

पायरी ८: ताबा

पूर्णत्वाचा दाखला, अग्निशमनाचं अंतिम प्रमाणपत्र, लिफ्टचा परवाना आणि वीज निरीक्षकाची मंजुरी यांशिवाय विद्यार्थ्यांना आत बसवू नका, उद्घाटनाची घाई कितीही असो. ठेकेदाराकडून ‘जसं बांधलं तसं’ नकाशे घ्या: पाण्याच्या नळ्या, सांडपाण्याच्या चेंबर, विजेच्या केबल प्रत्यक्ष कुठून गेल्या ते दाखवणारे. त्यांची एक प्रत अभियांत्रिकी विभागात, एक विभागप्रमुखांच्या कपाटात. पंप, लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा आणि वॉटरप्रूफिंग यांची हमीपत्रं त्याच फाइलमध्ये.

दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. त्याआधीच्या पावसाळ्यात, एखाद्या झडीच्या दिवशी, अभियंता आणि ठेकेदाराचा माणूस दोघांना घेऊन गच्चीपासून तळमजल्यापर्यंत फिरा. प्रत्येक गळती, भेग आणि सैल फरशीचा फोटो काढून खोली क्रमांकासह यादी करा, ती पत्राने पाठवा आणि पोच घ्या. यादीतली प्रत्येक बाब दुरुस्त होऊन अभियंत्याची सही झाल्यावरच अनामत परत करण्याच्या टिप्पणीवर तुमचा अभिप्राय लिहा.